खणावरचं नाव

परत आलेला मेल मी डबा खाता खाता उघडला. बुधवार होता, पावणेएक वाजला होता, आणि खालच्या तंतुवाद्यांच्या कारखान्यात कुणीतरी नव्या तंबोऱ्याची एकच तार पुन्हा पुन्हा पिळून बघत होतं. डब्यात शेपूची भाजी होती. सहा वर्षं झाली, शेपू मी पुन्हा तोंडात घातलेला नाही.

मेल तसा बिनमहत्त्वाचा. सुशांत नावाच्या मुलाने पुण्यातल्या एका कंपनीला नोकरीचा अर्ज पाठवला होता. तिथली पेटी भरलेली होती, म्हणून अर्ज आमच्याकडे परत आला. परत येणाऱ्या मेलला मूळ मेल सगळ्या शिक्क्यांसकट जोडलेला असतो. शिक्के म्हणजे काय, तर जुन्या पाकिटाच्या पाठीवर वाटेतल्या ऑफिसांचे ठसे असायचे, तशा प्रत्येक मेलच्या माथ्यावर काही ओळी लपलेल्या असतात. कुठल्या यंत्रावरून निघाला, कुणी किती वाजता उचलला, पुढे कुणाच्या हाती दिला. चारचौघं त्या कधी उघडून बघत नाहीत. मी बघतो. रेल्वेच्या टपाल डब्यात वर्षानुवर्षं सॉर्टरचं, म्हणजे पत्रं गावागणिक लावायचं काम केलेल्या माणसाला शिक्का दिसला की वाचल्यावाचून राहवत नाही.

तिसऱ्या ओळीत, रोमन अक्षरांत, मीच दिलेलं एक नाव होतं. तिळदरी, कन्याशाळा, खोली दोन.

घास तोंडात तसाच राहिला.

तिळदरी हे नाव सात-आठ माणसांपलीकडे कुणाला कळता कामा नये, एवढ्या एका गोष्टीवर आमचं सगळं काम उभं होतं. मिरजेत 'ओसरी' नावाची आमची छोटी संस्था होती, अजून आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून ज्यांच्या मागे घरचेच लोक कोयते घेऊन लागलेत, अशा जोडप्यांना ओसरी काही महिने लपवून ठेवायची. संस्था चालवायच्या शकीला मुजावर, सगळ्यांच्या शकीलाताई. तिळदरी हे डोंगरातलं गाव. तिथली बंद पडलेली कन्याशाळा आम्हाला वापरायला मिळाली होती. शाळेची जुनी स्वयंपाकीण हौसाक्का तिथेच राहायची आणि येणाऱ्या पोरांना पोटच्या लेकरांसारखं जेवू घालायची. त्या आठवड्यात खोली दोनमध्ये सुशांत आणि त्याची बायको हेमांगी असे दोघं होते. हेमांगीचा थोरला भाऊ रणजित याने सुशांतच्या आईच्या दारात उभं राहून, दोघांना एकाच खड्ड्यात घालीन, असं सांगितलं होतं. तो बोलतो तसं करतो, हे हेमांगीने आम्हाला वेगळं सांगितलं. आणि या रणजितचा धंदा होता केबलचा आणि इंटरनेटचा. तालुक्यातली निम्मी घरं त्याच्या वायरीवर होती.

मी ओसरीचा पोस्टमन. नोकरीची शेवटची नऊ वर्षं खात्याने मला संगणकावर बसवलं होतं आणि त्यात माझं मन रमलं होतं. निवृत्त झाल्यावर शकीलाताईंनी विचारलं, आपल्या मुलींची पत्रं परक्याच्या हाती जाऊ नयेत असं काही करता येईल का. मी म्हटलं, न यायला काय झालं. ऑफिसच्या कोपऱ्यात स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. तिळदरीच्या शाळेवर इंटरनेटची डिश बसवून घेतली आणि तिथला संगणक खासगी जोडणीने मिरजेला बांधला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तो आमच्या ऑफिसातच आहे असं वाटावं. माझी छाती किती फुगली होती ते विचारू नका. तोडकर अण्णा म्हणजे ओसरीचं कुलूप, असं शकीलाताई लोकांना सांगायच्या आणि मी खाली बघून हसायचो.

ओसरीत एक रीत होती. आलेल्या मुलीने आठव्या दिवशी घरी मेल करायचा. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने लग्न केलं आहे, सुखरूप आहे, माझा शोध घेऊ नका. त्याची एक प्रत तालुक्याच्या पोलीस ठाण्याला जायची. हे आठवं पत्र पोचलं की मुलाच्या घरच्यांवर मुलगी पळवल्याचा आळ घेणं अवघड व्हायचं. म्हणून बाकी काही पोचो न पोचो, आठवं पत्र पोचलंच पाहिजे.

आणि नेमकं तेच पोचेनासं झालं. आमचा जुन्या पद्धतीचा इंटरनेटचा पत्ता चार कचेऱ्यांत वाटलेला होता. त्यातल्या कुणीतरी भलतेसलते मेल पाठवले आणि आमच्यासकट सगळे मोठ्या मेल कंपन्यांच्या काळ्या यादीत गेलो. स्वतंत्र जुना पत्ता नेटवाल्याकडे शिल्लक नव्हता. त्याने मला नव्या पद्धतीच्या पत्त्यांचं अख्खं पुडकं दिलं. ऑफिसातल्या प्रत्येक कपबशीला वेगळा पत्ता दिला असता तरी संपले नसते इतके. मी हरखलो. पुढचे दोन महिने त्या पत्त्यांनी माझा जीव खाल्ला. मोठ्या कंपन्या नव्या पत्त्यावरून आलेल्या मेलकडे संशयानेच बघतात. पत्त्यासमोर नाव नोंदलेलं नसेल तर दारातूनच परत. नाव असलं पण शेजारचा पत्ता बदनाम निघाला तर अख्खी गल्ली बंद. कधी 'नंतर या' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मग माझा सर्व्हर बिचारा पाच-पाच दिवस त्याच दारावर थाप मारत बसायचा, मला काही न सांगता.

अशाच एका आठव्या पत्राचे पाच दिवस दारातच गेले. पत्र नाही म्हणून मुलाच्या म्हाताऱ्या बापाला ठाण्यात तीन दिवस बसवून ठेवलं. सुटल्यावर तो शकीलाताईंना भेटायला आला. चहाचा कप त्याला धरता येत नव्हता. मी पलीकडच्या खुर्चीत होतो आणि माझी मान वर होत नव्हती. तेव्हापासून न पोचलेल्या मेलची मला दहशतच बसली.

म्हणून मी पत्त्यांना नावं द्यायला बसलो. पत्त्यांसमोर नावं नोंदण्याची एक वही असते, आमच्या पत्त्यांची वही माझ्याच सर्व्हरवर होती. खरं तर नाव फक्त सर्व्हरच्या पत्त्याला लागत होतं. ते एक लिहून उठलो असतो तर हे सगळं सांगायची वेळ आली नसती. पण सॉर्टरचा हात पडला. टपाल डब्यात आमच्यासमोर लाकडी खणांची भिंत असायची आणि प्रत्येक खणावर गावाच्या नावाची पट्टी. बिननावाचा खण बघितला की आम्हाला चैन पडत नसे. त्या पट्ट्या डब्यात उभ्या असलेल्या सॉर्टरलाच दिसायच्या, बाहेरच्याला नाही. त्याच तारेत मी बावीस पत्त्यांना बावीस पट्ट्या लावल्या. मिरज, शकीला टेबल. मिरज, बैठकीची खोली. तिळदरी, कन्याशाळा, खोली दोन. सगळं सुवाच्य आणि व्यवस्थित. त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो.

या वहीतलं नाव जगात कुणीही विचारू शकतं. आणि सर्व्हर मेल उचलताना त्या वहीतलं नाव बघून ते शिक्क्यात उमटवतो. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. लक्षात नव्हत्या, एवढंच.

पट्ट्या लावल्याला त्या बुधवारी अकरा दिवस झाले होते. आणि आदल्या संध्याकाळी हेमांगीचं आठवं पत्र गेलं होतं. शकीलाताईंनी त्यातला शब्द न् शब्द वाचला होता. 'इथे सकाळी धुकं असतं' एवढं एक वाक्य त्यांनी काढायला लावलं, कारण धुक्यावरून डोंगर ओळखता येतो.

मी डबा सारला आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. पत्र हेमांगीच्या वडिलांच्या पेटीत पोचलं होतं, कुठेही न अडता, दोन महिन्यांत पहिल्यांदाच इतकं बिनबोभाट. वडिलांची पेटी रणजितच उघडतो, हे हेमांगीने आल्या दिवशी सांगितलं होतं.

मग वहीच्या नोंदी बघितल्या. कुणी कुठल्या पत्त्याचं नाव विचारलं, ते तिथे टिपलं जायचं. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी रणजितच्या इंटरनेटच्या जाळ्यातून कुणीतरी तिळदरीच्या पत्त्याचं नाव विचारलं होतं. मग त्याच्या शेजारच्या पत्त्याचं. मग त्याच्या पुढच्याचं. असं एकेक करत बावीसच्या बावीस. माणूस माझ्या खणांसमोर उभा राहून सावकाश पट्ट्या वाचून गेला होता.

त्याच्या गावापासून तिळदरी साडेतीन तास. दहाला निघाला असेल तर दीड-पावणेदोनला पोचणार. आम्हाला मिरजेहून त्याहून जास्त वेळ लागला असता.

आणि मी सगळ्यात आधी काय केलं, तर वही उघडून बावीसच्या बावीस पट्ट्या पुसल्या. त्याला चार-पाच मिनिटं लागली, कारण दोनदा चुकलं. रणजितने वाचलेलं त्यामुळे पुसलं जाणार नव्हतं, एवढी अक्कल मला होती. तरी पुसल्या. मग शकीलाताईंना हाक मारली.

त्या आतल्या खोलीतून आल्या आणि माझा चेहरा बघून दारातच थांबल्या.

"रणजितला तिळदरी कळलंय," मी म्हणालो. "सकाळीच. निघाला असणार तो."

"कसं कळलं, अण्णा?"

"आपल्या जाळ्यात शिरून शोधलं त्याने. धंदाच आहे त्याचा."

ही वाक्यं तोंडातून अशीच बाहेर पडली. ठरवून बोललो असं मला आजही वाटत नाही, पण होतं ते खोटंच. शकीलाताईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांनी फोन उचलला.

हौसाक्काचा फोन लागत नव्हता. तिळदरीत फोनची रेंज म्हसोबाच्या टेकडावर चढलं तरच मिळायची, ती तिथे दिवसातून एकदा जायची. सुशांत-हेमांगीच्या फोनमधली सिमकार्डं आम्हीच काढून ठेवली होती. जवळच्या पोलीस चौकीतल्या माणसाने सगळं नीट लिहून घेतलं, गाडी दुसरीकडे गेलीय, आली की पाठवतो म्हणाला. शकीलाताईंनी आमच्या वकील देशिंगकरबाईंना जिल्ह्याच्या पोलिसांना फोन करायला लावला, महादू ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं, आणि मग त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"संगणकावर निरोप टाका," त्या म्हणाल्या.

टाकला होता. पण तो संगणक पोरं सकाळ-संध्याकाळच उघडायची. पडद्यावर निरोप पडून राहील आणि रिकाम्या खोलीत कुणी तो बघणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तेव्हा मला प्रिंटर आठवला. अर्जबिर्ज छापायला खोली दोनमध्ये एक जुना प्रिंटर होता. नव्या पद्धतीत त्यालाही स्वतःचा पत्ता होता, मी मिरजेतून थेट त्याच्याशी बोलू शकत होतो. तो चालू असला तर. मी त्याला साद घातली. तो चालू होता. पुसलेल्या पट्ट्यांमध्ये एक पट्टी त्याचीही होती.

"काय लिहू?"

"कमी लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

हेमांगी, सुशांत, रणजित येतोय. सामान नको. मागच्या दाराने डोंगराकडे निघा. हौसाक्कांना बरोबर घ्या. एवढंच लिहिलं, खाली माझं नाव घातलं, आणि पन्नास प्रती सोडल्या. पन्नास यासाठी की तो प्रिंटर जात्यासारखा आवाज करायचा, कुणाच्या तरी कानावर जाईल. एक वाजून आठ मिनिटांनी पहिलं पान निघाल्याची नोंद आली. दुसरं. तिसरं. चौथ्यानंतर प्रिंटरने कळवलं, कागद संपला.

मग आम्ही दोघं नुसते बसलो. शकीलाताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. मी पडद्याकडे बघत होतो. चार पानं ट्रेमध्ये पडलीत आणि खोलीत कुणी नाही, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. खालचा माणूस तीच तार पिळत होता. खाली जाऊन त्याच्या हातातून ती हिसकावून घ्यावी असं मला वाटत होतं.

"चार पुरतील ना, अण्णा?"

"पुरतील," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं.

एक वाजून सेहेचाळीस मिनिटांनी तिळदरीची जोडणी तुटली. संगणक गेला, प्रिंटर गेला, डिश गेली, सगळं एकदम. वीज गेली असेल, असं मी शकीलाताईंना सांगितलं. तिथे वीज गेली तरी डिश बॅटरीवर दोन तास चालायची, ती बॅटरी मीच बसवून घेतली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून चप्पल पायात घातली.

महादू गाडी घेऊन आला तशी आम्ही निघालो. घाट लागायच्या आधी, चारच्या सुमाराला, शकीलाताईंच्या फोनवर अनोळखी नंबर आला. सुशांत होता. डोंगरापलीकडच्या एका धनगराचा फोन मागून घेतला होता. दोघंही धड होते. मागे हेमांगी रडत होती ते मला ऐकू आलं, आणि माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शकीलाताईंनी विचारलं, हौसाक्का कुठे आहे.

"त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," सुशांत म्हणाला. "त्या आल्या नाहीत, ताई."

प्रिंटरचा आवाज हौसाक्कानेच ऐकला होता. तिला वाचता येत नाही. पान घेऊन ती पंधरा मिनिटांवरच्या ओढ्यावर धावली, तिथे हेमांगी कपडे धूत होती, सुशांतही होता. पोरांना मागच्या बांधावरून लावून दिलं, आणि ती परत आत गेली. उरलेली पानं चुलीत घालायला. पानं दिसली तर पोरं आत्ताच गेलीत हे रणजितला कळेल, म्हणून. ती पानं जाळत असतानाच गाडी दारात आली. पाच मिनिटं आणखी मिळाली असती तर अक्काही आमच्याबरोबर असत्या, असं सुशांत नंतर कितीदा तरी म्हणाला. तो म्हणायचा तेव्हा मी उठून पाणी प्यायला जायचो.

आम्ही पोचलो तेव्हा पोलीस आले होते आणि हौसाक्का आरोग्य केंद्राच्या खाटेवर होती. उजवं मनगट मोडलेलं, दोन बरगड्या मोडलेल्या. डाव्या कानाने तिला पुढे कधीच ऐकू आलं नाही. पोरं दोन दिवसांपूर्वीच गोव्याला गेली, हे एकच वाक्य ती शेवटपर्यंत सांगत राहिली होती.

रणजित पकडला गेला. सुशांत-हेमांगी दूर, दुसऱ्या राज्यात गेले आणि मार्गी लागले. तिळदरी आम्ही सोडली. शकीलाताई नव्या कार्यकर्त्यांना गोष्ट सांगायच्या, अण्णांनी एका प्रिंटरने दोन जीव वाचवले. हेमांगीचा दर वर्षी त्याच तारखेला मेल यायचा, तिच्या मुलीच्या फोटोसह. मी तो उघडायला दोन-दोन दिवस लावायचो. दर वर्षी ठरवायचो, आता सांगून टाकायचं. शकीलाताईंचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि मी ते पुढच्या वर्षावर ढकलायचो. माणूस म्हातारपणी मरणाला घाबरतो म्हणतात. मी एका वाक्याला घाबरत होतो.

हौसाक्का तिच्या भाचीच्या गावी राहायला गेली. वर्षातून एकदा आम्ही सगळे मिळून तिला भेटायला जायचो. ती पहिल्यासारखी राहिली नव्हती. चहा करायची, पण आमच्यात बसायची नाही, दाराजवळ उभी राहायची. आम्ही नेलेली फळं गल्लीत वाटून टाकायची. शकीलाताईंनी नेलेली औषधं फडताळात तशीच पडलेली दिसायची. आम्ही निघालो की गाडी सुरू व्हायच्या आत आतून कडी लागायची. त्या माराने म्हातारीचं मन खचलं, असं आम्ही परतताना बोलायचो.

यंदा हेमांगीने हौसाक्कासाठी इरकली लुगडं पाठवलं आणि लिहिलं, हे अण्णांनी स्वतः नेऊन द्यावं. मी एसटीने एकटाच गेलो. इतक्या वर्षांत तिला एकटा कधी भेटलो नव्हतो. भाची शेतात गेली होती. हौसाक्काने लुगड्यावरून डाव्या हाताने हात फिरवला, पोरीचं बरं चाललंय का विचारलं, आणि मी तिच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला सरकून बसलो.

"अक्का, गावाचं नाव माझ्यामुळे फुटलं."

मी सगळं सांगितलं, तिला समजेल असं. पत्राच्या पाठीवर मी गावाचं नाव लिहून ठेवलं होतं, ते कुणाला दिसणार नाही असं मला वाटलं होतं, रणजितने ते वाचलं. पट्ट्या पुसत घालवलेली मिनिटंही सांगितली. सांगून झाल्यावर मला काही वाटेना.

ती लुगड्याची घडी नीट करत बसली.

"त्यो मारताना म्हनत हुता," ती म्हणाली, "म्हातारे, तुमच्यातल्याच मानसानं गाव सांगिटलंय. ह्यो बघ कागुद. मला कुटलं वाचाय येतंय. पर नाव तर त्यानं बरुबर घेतलं. शाळा, खोली, समदं."

"हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुनाला बोलू? ज्याला सांगायला जावं त्योच आसला मंजे?"

आजवर मी समजत होतो की ही भीती माझ्या एकट्याची आहे, मी ती गिळून बसलोय आणि त्यात दुसऱ्या कुणाचं नुकसान नाही. आणि ही बाई दर वर्षी आम्हाला दारात येताना बघत होती, चहा टाकत होती, आणि आमच्यातल्या कुणी गाव विकलं ते चेहऱ्यांवरून शोधत होती.

"मंजे कुनी इकलं न्हवतं?" तिने विचारलं.

"नाही, अक्का. विकलं कुणी नाही. चूक झाली, माझ्या हातून."

"शकीलानं न्हवं?"

"नाही."

"तिनं आनल्याली औषिदं मी कवा घेतली न्हाईत." तिने फडताळाकडे बघितलं. "महादू डायवरनं?"

"नाही."

"ती वकीलबाई? लई इचारायची, दारं किती, खिडक्या किती."

"तीही नाही."

"डिश बसवाय आल्याला मानूस?"

"नाही, अक्का."

प्रत्येक नाव घेतलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची, मी नाही म्हटलं की मान हलवायची, आणि मग पुढचं नाव घ्यायची. सुशांतच्या मित्राचं घेतलं. किराणा पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याचं घेतलं. तिचा मोडून वेडावाकडा जुळलेला हात लुगड्यावर होता.

"आदी सांगायचं हुतं की, अण्णा," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तिची नावं संपली होती. इतकी वर्षं ज्यांना ज्यांना भिऊन तिने आतून कडी घातली, ती सगळी माणसं त्यात होती. माझं नाव तिने घेतलं नव्हतं.